रात्री दोनची वर्दळ

सरकारी कचेरी संध्याकाळी बंद होते आणि सकाळी उघडते, ही समजूत नोकरीची पहिली काही वर्षे मीही बाळगून होतो. परंतु आमच्या कचेरीत एक खोली अशी आहे, की तिचे खरे काम रात्रीच सुरू होते. त्या खोलीत माणूस नसतो. हवा थंड ठेवणारे एक यंत्र, तारांचा गुंता आणि बॅकअपचा सर्व्हर, एवढाच तिचा परिवार. दिवसभरात शाखाशाखांतून जी टिपणे, जी पत्रे, जी वेतनपत्रके तयार होतात, त्यांची नक्कल उतरून जपून ठेवायची, हे त्या सर्व्हरचे काम. जुन्या भाषेत सांगायचे तर तो आमचा दप्तरदार.

मी पदवीधर आहे, पण इतिहासाचा. दिल्लीत आल्यावर संध्याकाळच्या वर्गात संगणकाचा एक अभ्यासक्रम पुरा केला, एवढ्याच भांडवलावर ह्या दप्तरदाराची देखभाल माझ्याकडे आली. सरकारात एखादी गोष्ट आपल्याला येते असे एकदा उघडकीस आले, की ती कायमची आपल्या टेबलावर येते, हे माझ्या वाचकांना सांगायला नकोच.

गेल्या उन्हाळ्यात ह्या दप्तरदाराला धाप लागू लागली. रात्रीचे काम सकाळपर्यंत संपेना. ते संपेना म्हणून मूळ सर्व्हरही त्यात अडकून पडे, आणि दहा वाजता शाखेत साधी फाइल उघडायला दोन-दोन मिनिटे लागत. साहेबांनी बोलावून विचारले, तेव्हा सर्वांचे निदान एकच होते : यंत्र म्हातारे झाले, नवे मागवावे. मलाही ते पटले होते. आकडाच तसा होता. यंत्राच्या प्रोसेसरला आठ कोअर, म्हणजे एका वेळी आठ कामे करणारे आठ हात. आणि भाराचा आकडा सकाळी चाळिसाच्या घरात.

परंतु जरा निरखून पाहिले तेव्हा मौज अशी दिसली, की ते आठही हात जवळजवळ रिकामे होते! लिनक्सच्या यंत्रात भाराचा आकडा केवळ काम करणाऱ्यांचा नसतो. डिस्ककडून कागद येण्याची वाट पाहत ताटकळणारेही त्यात मोजले जातात. कारकुनांची उणीव नव्हती. सगळे लेखणी सरसावून बसले होते, आणि कपाटातून फाइली आणून देणारा शिपाई एकटा होता. अशा ठिकाणी आणखी कारकून नेमून काय होणार?

हे ध्यानात आले, पण तेवढा धीर धरायला वेळ कोणाला होता! साहेबांना सकाळी फाइल उघडायला हवी होती. सर्वांत जास्त वेळ डिस्क अडवून धरणारे काम कोणते ते मी शोधले, तर ते निघाले रुजुवातीचे. ठेवलेली प्रत्येक नक्कल पुन्हा वाचायची आणि तिच्यावरून काढलेला आकडा मूळच्या आकड्याशी ताडून पाहायचा, असे हे काम. त्यातून नवे काही निर्माण होत नाही. मी ते बंद केले. दुसऱ्या दिवशी सर्व्हर वाऱ्यासारखा चालू लागला. साहेबांनी शाबासकी दिली, आणि ती मी घेतली.

दोन महिन्यांनी आमचे एक गढवाली दफ्तरी निवृत्त व्हायचे होते. केंद्र सरकारचा सेवक निवृत्त होताना त्याच्या खाती शिल्लक असलेल्या अर्जित रजेचे, ३०० दिवसांच्या मर्यादेपर्यंत, रोख पैसे त्याला मिळतात. ह्या गृहस्थांनी आयुष्यभर रजा राखून ठेवली होती, मुलीच्या लग्नासाठी. त्यांच्या रजेच्या हिशोबाचा फोल्डर कोणाच्या तरी हातून पुसला गेला होता. मी निश्चिंतपणे म्हणालो, "काळजी नको, नक्कल आहे." आणि नक्कल उघडेना. डिस्कच्या त्या भागाला केव्हातरी इजा झाली होती. रुजुवात चालू असती तर ती आठवड्याच्या आत कळली असती, आणि तेव्हा मूळ फोल्डर जागेवर होता. दुसरी नक्कल एका क्षणात झाली असती.

ते दफ्तरी माझ्या टेबलाशी उभे होते. रागावले नाहीत. "मिल जाएगा ना, बाबूजी?" एवढेच त्यांनी विचारले. मला वर पाहवेना.

शेवटी आमच्या रेकॉर्डखोलीतले एक नागपूरकडचे वयस्क सहकारी धावून आले. त्यांनी कागदी सेवापुस्तक कपाटातून काढून माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "काय जी, तुमच्या यंत्राला याची सर नाही." चार दिवस बसून आम्ही दोघांनी नोंद पाहून नोंद, असा रजेचा हिशोब पुन्हा उभा केला. पैसे मिळाले, पण महिनाभर उशिरा.

त्यानंतर मी जे आधी करायला हवे होते ते केले. रुजुवात पुन्हा सुरू केली, आणि आठ रात्री घड्याळ लावून, दर पंधरा मिनिटांनी कोणते काम चालू आहे त्याची वहीत नोंद केली. उलगडा झाला तो असा : नक्कल उतरण्याचे काम, विषाणू शोधण्याचे काम, जुन्या नकला काढून टाकण्याचे काम आणि रुजुवात, ही चारही कामे वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या माणसांनी लावली होती, आणि प्रत्येकाने विचार केला होता, की रात्री दोन वाजता कोणी जागे नसते! चारही कामे एकाच डिस्कच्या दारात दोन वाजता येऊन उभी राहत. कोणाचीच चूक नव्हती. फक्त आधीच्याने काय ठरवले ते नंतरच्याने विचारले नव्हते. मी वेळा वाटून दिल्या. जुन्या नकलांची सफाई रविवारवर टाकली, आणि विषाणूचा शोध फक्त नव्याने आलेल्या फाइलींपुरता ठेवला. यंत्र तेच आहे. भाराचा आकडा आता सकाळी पाचाच्या वर जात नाही.

ह्याच दिल्लीत २३ नोव्हेंबर २०२२ रोजी एम्सच्या संगणकांवर हल्ला झाला, तेव्हा पाच सर्व्हर निकामी झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. रुग्णांची नोंदणी हाताने करावी लागली. पुढे सरकारने संसदेत सांगितले, की ई-हॉस्पिटलची सारी माहिती एका अबाधित राहिलेल्या बॅकअप सर्व्हरवरून परत मिळाली. एवढ्या मोठ्या रुग्णालयाची स्मृती त्या एका शाबूत नकलेवर परतली, हे वाचताना मला ते टेबलाशी उभे असलेले दफ्तरी आठवले.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे कळायला इतका उशीर व्हायला नको होता. पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांत बांधलेले कागद पिढ्यानपिढ्या होतेच; पण रियासतकार सरदेसायांच्या देखरेखीखाली ते रुमाल सोडून, वाचून, १९३० नंतर निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, तेव्हा त्यांत काय आहे ते जगाला कळले. रुमाल बांधून ठेवणे हे अर्धेच काम. तो मधूनमधून सोडून पाहणे हे उरलेले अर्धे, आणि कामाची घाई झाली की नेमके तेच आपण टाकून देतो.

आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी एक जुनी फाइल नकलेतून परत आणून उघडून पाहतो. कोणती, ते चिठ्ठी टाकून ठरवतो. गेल्या महिन्यात चिठ्ठी त्या गढवाली दफ्तऱ्यांच्या रजेच्या हिशोबाची निघाली. ते आता पौडीकडे आपल्या गावी असतात. फाइल उघडली. सगळे आकडे जागच्या जागी होते. तरी मी ते एकदा सेवापुस्तकाशी ताडून पाहिले.