दोनशे छप्पन्न घरे

आमच्या बडोद्याच्या गॅरेजात एखादी फियाट आली की अण्णा आधी तिच्याकडे पाठ करून उभे राहत. डोळे मिटून घटकाभर इंजिनाचा आवाज ऐकत आणि मग स्क्रू-ड्रायव्हर (आमच्या बडोद्यात त्याला ‘डिसमिस’ म्हणतात) कार्बोरेटरच्या मिक्श्चर-स्क्रूला लावून पाव फेरा देत. इंजिन एकदम सुरात येई. “पाव फेरा म्हणजे नेमका किती?” असे मी लहानपणी विचारी. “इंजिन सांगेल तितका,” हे त्यांचे ठरलेले उत्तर असे. या उत्तरावर मी तीस वर्षे गॅरेज चालविले खरे. पण तो पाव फेरा मला कधी साधला नाही.

आज अण्णा एक्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना ऐकू येणे जवळजवळ बंद झाले आहे. आपण त्यांच्याकडून काय घेतले नाही, हे मला त्यानंतर कळले.

गेल्या वर्षी मुलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी शर्यतीची एक छोटी मोटार बांधावयास घेतली. कोइमतूरला ‘फॉर्म्युला भारत’ नावाची विद्यार्थ्यांची स्पर्धा भरते, तिच्यासाठी. स्पर्धेचे नियम मोठे गमतीचे! इंजिन ७१० सी. सी.पर्यंतचे चालते, पण पेट्रोलच्या इंजिनात जाणारी सारी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच छिद्रातून ओढली गेली पाहिजे. नाक दाबून धावावयाचाच प्रकार तो. साहजिकच मोटारसायकलच्या इंजिनाबरोबर कारखान्यातून आलेले पेट्रोलचे हिशेब तेथे निरुपयोगी ठरतात, आणि नवे हिशेब आपले आपण मांडावे लागतात. मुलांनी ‘स्पीडुइनो’ नावाचा, ज्याची रचना सर्वांना खुली आहे असा नियंत्रक बसविला, लॅपटॉपवर ‘ट्यूनरस्टुडिओ’ हे सॉफ्टवेअर घातले, आणि परीक्षा तोंडावर येताच ते सारे माझ्या गळ्यात टाकले. “बाबा, तुम्ही शिकून घ्या ना!” मुलगी म्हणाली. (घरच्या मोटारीवर मात्र हा प्रयोग कोणी करू नये. वाहन मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले आहे.)

पडदा उघडला तो समोर बुद्धिबळाच्या पटासारखा एक तक्ता. आडव्या बाजूने इंजिनाचे फेरे, उभ्या बाजूने आत ओढल्या जाणाऱ्या हवेचा दाब. सोळा गुणिले सोळा, म्हणजे २५६ घरे. त्या वेगाला आणि त्या दाबाला सिलिंडर हवेने किती भरतो, याचा अंक प्रत्येक घरात लिहावयाचा. त्यावरून नियंत्रक इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवावयाचा ते ठरवितो. धुराड्यातील ऑक्सिजन-सेन्सर मिश्रण पातळ आहे की दाट, हे त्याच क्षणी सांगतो. जुन्या पुस्तकांत आम्ही एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा असे पाठ केले होते. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते, तेव्हा तेच प्रमाण सुमारे साडेतेरावर येते. म्हणून मुलीने मला प्रमाणाऐवजी ‘लॅम्डा’ वाचावयास शिकविले. एक म्हणजे नेमके. एकाहून अधिक म्हणजे पातळ. भार असताना मिश्रण पातळ झाले तर पिस्टनला धोका, हे मात्र मला कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

पहिले काही दिवस मी अंकांना भीत असे. स्टँडवरील इंजिनावर भार नसतो. त्यामुळे कितीही रेस केले तरी तक्त्याच्या कमी दाबाच्या ओळींतच ते घुटमळे; उरलेली घरे महाविद्यालयाच्या मैदानावर गाडी धाववूनच भरावी लागणार होती. तरी एका रविवारी दोन तास खपून मी आयडलिंगची घरे सुरेख जुळविली आणि समाधानाने स्विच बंद केला. बदल केलेले अंक नियंत्रकात कायम करावयाचे तर ‘बर्न’ नावाचे बटण दाबावे लागते. ते मी दाबलेच नव्हते. पुन्हा स्विच चालू करताच लॅपटॉपने सभ्यपणे विचारले : नियंत्रकातील अंक आणि माझ्याजवळचे अंक यांत फरक आहे, कोणते ठेवू? मी नियंत्रकावर विश्वास टाकला. दोन तासांची मेहनत एका क्षणात गेली. मुलीने हसू आवरले, ही तिची थोरवी!

मैदानावर न्यावयाच्या आदल्या संध्याकाळी अण्णा काठी टेकीत गॅरेजात आले. इंजिन चालू होते. त्यांनी कान दिला नाही. स्टँडच्या लोखंडी पट्टीवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. मी हळूहळू फेरे वाढवीत नेले. मध्येच त्यांनी हात वर केला.

“येथे अडखळते आहे.”

मला काहीच ऐकू आले नव्हते. पडद्यावरचे आकडेही इतके झरझर पळत होते की, डोळा ठरेना. मुलीने नोंद काढली. साडेतीन हजार फेऱ्यांच्या आसपास लॅम्डा एकदम उसळला होता. मग तिने तक्ता डोंगराच्या चित्रासारखा उभा केला. गुळगुळीत चढणीवर एकच खड्डा. त्या घरात मी ५४ऐवजी ४५ टंकले होते.

“आजोबा, तुम्हाला कसे कळले?” तिने त्यांच्या कानाशी ओरडून विचारले.

“यात लिहिलेले दिसते का तुला?” त्यांनी उलट विचारले. तिने बोटाने ते घर दाखविले. अण्णा चष्मा सारखा करून बराच वेळ त्या एका अंकाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “हे आमच्या वेळी असते, तर तुझ्या बापाला मी सांगू शकलो असतो.”

मी अंक दुरुस्त केला. त्यांनी पुन्हा पट्टीवर हात ठेवला, आणि या वेळी माझा हात ओढून आपल्या हाताशेजारी ठेवला. फेरे चढत गेले. साडेतीन हजारांच्या पुढे गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलविली.

“बाबा, बर्न करा,” मुलगी म्हणाली.