खंडवा रोडवरून एक मागणी

प्रिय देवी अहिल्या विश्वविद्यालयास,

माझ्या बी.ए.च्या पदवीवर तुझं जुनं नाव आहे, इंदौर विश्वविद्यालय. तू 1964 मध्ये सुरू झालंस आणि 1988 मध्ये अहिल्याबाईंचं नाव घेतलंस. त्या मधल्या काळात शिकून बाहेर पडलेल्यांपैकी मी एक. आता नोकरी संपली, मुलं आपापल्या गावी मार्गी लागली. तेव्हा परीक्षेपुरतं वाचलं, आता कळावं म्हणून वाचायचंय. मला पुन्हा वर्गात बसायचंय. माझ्यासारखे पुष्कळ आहेत आणि त्यांना शोधायला तुला लांब जावं लागणार नाही, कारण ते तुझ्याच प्रेक्षागृहात येतात.

‘सानंद’ या संस्थेचं नाटक असलं की खंडवा रोडवरचं ते प्रेक्षागृह शनिवार-रविवार मराठी माणसांनी भरतं. एका नाटकाचे पाच प्रयोग, सभासदांचे पाच समूह. त्यातल्या दोन समूहांना इंदूरचे रसिक रामूभैया दाते आणि पत्रकार राहुल बारपुते यांची नावं आहेत. महाराष्ट्राबाहेरच्या शहरात एक नाटक दोन दिवसांत पाचदा होतं, हे मी पुण्याच्या नातेवाइकांना सांगते तेव्हा त्यांना आधी खरं वाटत नाही. मध्यंतरात चहाचा कप हातात घेऊन लोक तावातावानं बोलतात. नायिकेनं घर सोडायला हवं होतं की नको? लेखकानं शेवट असा का केला? एखादे काका सांगतात, याच विषयावरचं जुनं नाटक मी पाहिलंय, त्यात बापाची बाजू जास्त मांडली होती. लगेच कुणीतरी त्यांना खोडून काढतं. एवढ्यात घंटा होते, सगळे आत जातात. नाटक सुटलं की गाड्या काढायची घाई, आणि तो वाद तिथेच अर्धवट राहतो. प्रेक्षागृह तुझं, आजूबाजूला वर्गखोल्या तुझ्या, आणि त्या प्रेक्षकांत तुझे पदवीधर किती तरी असणार. पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी त्याच नाटकाची संहिता समोर ठेवून दोन तास बसता आलं तर?

ही शिकण्याची भूक या शहराला नवी नाही. अभ्यास मंडळाच्या उन्हाळी व्याख्यानांना ऐन उकाड्यात माणसं जाल सभागृहात येऊन बसतात, प्रश्न विचारतात, घरी जाताना वाद घालतात. मराठी साहित्य संमेलन इथं तीनदा भरलं: 1917, 1935 आणि 2001. आणि बारपुते, चित्रकार विष्णू चिंचाळकर, नाटकवाले बाबा डिके आणि देवासचे कुमार गंधर्व यांची मैत्री आठव. पत्रकार, चित्रकार, नट आणि गवई, चौघांचे चार रस्ते. पण प्रत्येक जण दुसऱ्याकडून आयुष्यभर शिकत राहिला. मला वाटतं, इंदूरनं मिळवलेलं सगळ्यात मोठं शिक्षण ते आहे, आणि त्याला प्रमाणपत्र नव्हतं.

विश्वविद्यालयांनी भिंतीबाहेर शिकवणं हेही जुनंच. केंब्रिजनं 1873 मध्ये आपले अध्यापक दुसऱ्या शहरांत कामगार आणि स्त्रियांना शिकवायला पाठवले. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, 1973 मध्ये, फ्रान्सच्या तुलूझमध्ये खास निवृत्त माणसांसाठी वर्ग निघाले आणि ती कल्पना देशोदेशी गेली. आपल्याकडे पुणे-मुंबईच्या विद्यापीठांची बहिःशाल व्याख्यानं गावोगाव झाली. तुझ्याकडे तर आजीवन शिक्षणाचा विभागच आहे.

काय शिकवावं, हे मी एका विषयापुरतं खात्रीनं सांगू शकते. मोडी लिपी.

जुन्या इंदुरात, राजवाड्याच्या आसपासच्या मराठी घरांत, देवघराच्या कपाटात किंवा पत्र्याच्या पेटीत कागद असतात. घराची खरेदी, इनामाची सनद, कुणा पूर्वजाचं पत्र. दसऱ्याला त्यांना हळदकुंकू वाहतात, पण ते घरात एकालाही वाचता येत नाहीत. मी असा एक कागद हातात घेतलाय. आधी आडवी रेघ सरळ ओढलेली, मग तिला लटकवत अक्षरं लिहीत गेलेली. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, बोरू उचलायचा कंटाळा असल्यासारखी वळणं एकमेकांत गेलेली. त्यातला एक शब्द, ‘इंदूर’, मला लागला आणि पुढे डोळा अडकला. वा. वा. ठाकुरांनी होळकरशाहीच्या इतिहासाची साधनं छापली, म्हणून दरबाराचा पत्रव्यवहार आज आपल्याला बाळबोधीत वाचता येतो. घराघरातले कागद कोण वाचणार? हे काम विशीतल्या विद्यार्थ्याला जमणं कठीण, त्याला नोकरी शोधायचीय. आमच्याकडे वेळ आहे, घरची नावं-नाती तोंडपाठ आहेत, आणि कागदही आमच्याच घरात आहेत. विश्वविद्यालयाला अभ्यासासाठी नवी साधनं मिळतील, आम्हाला आमचे आजे-पणजे वाचता येतील.

तुझे अध्यापक आधीच परीक्षा, निकाल आणि कागदपत्रांत बुडालेले आहेत, हे मला कळतं. म्हणून त्यांच्यावर आणखी ओझं टाक असं म्हणत नाही. निवृत्त प्राध्यापक याच शहरात राहतात. तुझ्याच माजी विद्यार्थ्यांत वकील आहेत, डॉक्टर आहेत, गाणारे आहेत. मालवी लोकगीतं सांगणाऱ्या बायका आहेत. त्यांतले कित्येक मानधनाशिवायही शिकवतील. तुझ्याकडून हवी आहे ती खोली, ग्रंथालयाचं सभासदत्व आणि तुझं नाव. नावाचं महत्त्व कमी समजू नकोस. घरातून ‘विश्वविद्यालयात वर्गाला जाते’ असं सांगून निघणं आणि ‘जरा मंडळात जाऊन येते’ म्हणून निघणं, यांत साठीच्या बाईसाठी फार फरक असतो. पहिलं ऐकल्यावर नातवंडाला सांभाळायची व्यवस्था दुसरं कुणीतरी करतं.

विश्वविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या तक्त्यात माजी विद्यार्थ्यांच्या योगदानाचा रकाना असतो आणि तिथे रुपये मोजतात. तो रकाना राहू दे. पण शेजारी तू स्वतःच्या वहीत आणखी एक ठेव: या वर्षी किती जुने विद्यार्थी शिकायला परत आले. हिंदी माध्यमात शिकलेल्या आमच्या मुलासुनांनाही या वर्गांत यायला आवडेल, कारण घरात मराठी बोलली जाते पण वाचनाची सवय सुटली आहे. तेव्हा वर्ग मराठीतून चालव, फळ्यावर हिंदीही असू दे.

जुलैत नवं सत्र सुरू होईल. त्याच्या आत शनिवारी संध्याकाळी पाच ते सात अशी एक खोली, तीस खुर्च्या आणि मोडीचा एक शिक्षक, एवढं ठरवून फीचा आकडा कळव. नोंदणीचे अर्ज नाटकाच्या मध्यंतरात वाटायची जबाबदारी आम्ही मैत्रिणी घेतो, आणि ओळखीच्या दोन घरांनी आपले कागद वर्गात आणायचं कबूल केलं आहे.

तुझी,
एक जुनी विद्यार्थिनी
इंदूर