एलातच्या प्रवाळातली नवी पिल्लं



ऑगस्टच्या सुट्टीत आम्ही बहिणी, आमची नातवंडं आणि रेवदंड्याच्या आमच्या ८४ वर्षांच्या मावशी असे सगळे मिळून एलातला जाऊन आलो. बेर शेवाहून पहाटेच निघालो. अरावात कितीतरी वेळ फक्त वाळू नि उघडे डोंगर. मग एकदम निळा समुद्र दिसला आणि पोरांनी जो गलका केला तो विचारू नका!

शहराच्या दक्षिणेला, ताबाच्या रस्त्यावर, प्रवाळाचं राखीव क्षेत्र आहे. तिथली प्रवाळाची भिंत सुमारे १.२ किलोमीटर लांब आहे. प्रवाळावर पाय पडू नये म्हणून लाकडी पुलावरून थेट खोल पाण्यात उतरायचं. मावशी पुलावर बसून खाली बघत होत्या. म्हणाल्या, "एवढे मासे, आणि एकही कालवणाला नाही!"

आमचा भाचा सागरी जीवशास्त्र शिकतो. त्याने आम्हाला फुलकोबीच्या गड्ड्याएवढं एक फांद्यांचं प्रवाळ दाखवलं. आत नखाएवढे मासे दाटीवाटीने लपले होते. आम्हाला वाटलं, इथेच जन्मले असतील. तो म्हणाला, "नाही मावशी, ही सगळी बाहेरून आलेली."

त्याने सांगितलं ते असं. अंड्यातून निघालेलं पिल्लू प्रवाहाबरोबर उघड्या समुद्रात जातं. तेव्हा ते काचेसारखं पारदर्शक असतं. काही आठवडे तिथे वाढलं की ते प्रवाळ शोधत परत येतं, बहुतेक रात्री, आणि पुष्कळदा चंद्र नसलेल्या रात्री, म्हणजे शिकारी माशांना दिसू नये. वाट कशी सापडते? वासाने आणि आवाजाने. प्रवाळात कोळंब्यांची कडकड नि माशांची कुरकुर चालूच असते. ऑस्ट्रेलियात शास्त्रज्ञांनी पाण्याखाली तो आवाज रेकॉर्ड करून वाजवला, तर त्या खडकावर जास्त पिल्लं उतरली. हे २००५ साली प्रसिद्ध झालं.

पण पोहोचलं म्हणजे सुटलं असं नाही. निरनिराळ्या ठिकाणचे अभ्यास एकत्र करून २००६ साली हिशेब मांडला गेला, की खडकावर उतरलेल्या पिल्लांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त पहिल्या एक-दोन दिवसांतच खाल्ली जातात. जवळ फांदी असेल आणि तिच्यात आधीच्यांनी जागा दिली, तर जगण्याची आशा.

हे ऐकत असतानाच आमच्या नातवाने दमून प्रवाळाला हात घातला. बोटाएवढी फांदी मोडली. पिल्लं घाबरून उरलेल्या फांद्यांत शिरली, दोन-तीन मात्र बाहेरच भिरभिरत राहिली. पोर रडवेलं झालं. आम्हीही शरमलो, कारण आधी नीट बजावायचं काम आमचं होतं. मार्च २०२० च्या वादळाने इथल्या प्रवाळाचं मोठं नुकसान केलं होतं, त्यात आमची ही भर. फांदी भरून यायला वर्षं लागतात.

भाच्याने नातवाला जवळ घेऊन आणखी एक गोष्ट सांगितली. डॅसिलस नावाचे छोटे मासे रात्री फांद्यांत झोपतात आणि झोपेतही पंख हलवत राहतात. त्याने आतलं पाणी फिरतं आणि प्रवाळाला प्राणवायू मिळतो. हे एलातच्याच शास्त्रज्ञांनी २००४ साली दाखवून दिलं. म्हणजे आसरा घेणारा फुकट राहत नाही!

संध्याकाळी हे मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "नवगावला गलबत फुटलं तेव्हा सात जोडपीच वाचली, असं आपण सांगतो ना? किनाऱ्याला लागणं वेगळं आणि टिकणं वेगळं. गाववाल्यांनी राहू दिलं, आपण घाणे चालवून तेल दिलं, म्हणून टिकलो." इकडे आल्यावरची पहिली वर्षं आम्हा सगळ्यांनाच आठवली. कोणीच काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी नातू पुन्हा पाण्यात उतरला, पण हात छातीशी बांधून. एलातला गेलात तर सकाळी लवकर जा, पुलावरूनच उतरा, आणि पोरांना आधी सांगा, की त्या फांद्या म्हणजे कुणाचं तरी घर आहे.