खालच्या खोलीची ओल

परवा धाकट्या जाऊबाईंचा ठाण्याहून फोन आला. इकडचीतिकडची चौकशी झाली आणि मग म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या त्या खालच्या खोलीचं एकदा नीट लिहा ना. आमच्याकडे पण ओलीच्या भिंतीला आतून पत्रे की शीट कसलं लावायचं चाललंय."

लिहायचे मी बरेच दिवस टाळत होते. कारण त्यात आमच्या चिरंजीवांचा संबंध येतो, आणि ते न्यू जर्सीत बसून आईने काय लिहिले आहे ते अगदी नेमाने वाचतात. पण आता जाऊबाईंनी विचारलेच आहे, तर लिहिते.

आमचे घर महाडच्या जुन्या वस्तीत. रस्त्यावरून पाहिले तर साधे कौलारू. ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि वर माळा. पण जागा नदीच्या बाजूला उतरती, म्हणून मागच्या अर्ध्या घराखाली एक खोली निघाली आहे. तिच्या तीन भिंती जमिनीत आणि चौथी परसात उघडणारी. सगळे तिला खालची खोली म्हणतात, मुलगा 'बेसमेंट' म्हणतो. भिंती काळ्या दगडाच्या, चांगल्या दीड-दोन हात रुंद. सासऱ्यांच्या वडिलांच्या वेळी तिथे गूळ, मीठ, भाताचे मुडे असे ठेवीत. सावित्रीतून माल येत असे त्या काळची ही गोष्ट. (मीठ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे!)

मी लग्न होऊन आले तेव्हा त्या खोलीत अडगळ होती. तिचे सोने केले ते ह्यांनी. आम्ही दोघेही पोलादपूरकडे शिक्षक. मे महिन्याच्या सुटीत वर कौले तापली की हे खाली जाऊन बसत, कारण ती खोली उन्हाळ्यात माठासारखी गार. तिथे त्यांचे टेबल, एक खुर्ची आणि एक पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत चौदा वह्या. पोलादपूर तालुक्यातल्या गावागावांतून, मुलांच्या आजोबा-आजींकडून, ह्यांनी तीस वर्षे शेतांची, ओहोळांची, टेपांची, पाणवठ्यांची नावे गोळा केली होती. प्रत्येक नावापुढे ते कोणी सांगितले आणि तसे नाव का पडले, हे बारीक अक्षरात. छापायचे म्हणत राहिले. 2012 साली गेले. वह्या तशाच राहिल्या.

आगोट भरली की ट्रंक माळ्यावर आणि दिवाळीनंतर परत खाली, हा त्यांचा शिरस्ता होता. त्यांच्यामागे मी तो पाळला, पण गुडघे दुखायला लागले तशी कुरकुरत पाळला.

2014 मध्ये मी सहा महिने मुलाकडे होते. त्याच्या घराचे बेसमेंट म्हणजे आपल्याकडच्या दिवाणखान्याहून देखणे. भिंतीला आतून फोम, त्यावर पांढरी शुभ्र भिंत, खाली गालिचा. कोपऱ्यात हवेतला दमटपणा शोषणारे यंत्र. त्याची बादली भरली की ओतून यायचे काम मी आपणहून घेतले होते. मुलगा तेव्हाच म्हणाला होता, "आई, बाबांची खोली मी अशी करून देणार."

आणि 2018 च्या डिसेंबरात त्याने ती खरेच करून दिली. पुण्याहून माणसे आणली. दगडाच्या भिंतींना आतून सिमेंटचा गिलावा, त्यावर प्लास्टिकचा कागद, त्यावर थर्माकोलच्या लाद्या आणि वर प्लायवुड. वरच्या बाजूला झरोके होते तेही बंद केले. अमेरिकेतल्यासारखे यंत्रही आणले. बाबांचे टेबल पॉलिश करून जागेवर ठेवले, ट्रंक भिंतीला टेकवून. "आता ही वरखाली न्यायची नाही. बाराही महिने इथेच," असे मला बजावले. मी टेबलाला हात लावला आणि मला रडू आले. मुलालाही आले. खरे सांगायचे तर तो दिवस फार चांगला होता.

जून 2019. मृगाला पाऊस लागला आणि पंधरा दिवसांत त्या खोलीला वास यायला लागला. भिजलेले गोणपाट कोंडून ठेवल्यासारखा. यंत्राची बादली दिवसातून दोनदा भरे. आषाढात प्लायला फुगारे आले. श्रावणात मी माजघर झाडत होते तर तिथल्या भिंतीला पोपडे! पन्नास वर्षांत माजघराची भिंत कधी ओली झाली नव्हती.

मुलगा फोनवर विचारी, "बेसमेंट कसं आहे?" मी म्हणे, "छान आहे रे." किती वेळा म्हटले असेन, देव जाणे. एवढ्या हौसेने, एवढे पैसे घालून केलेले, त्याला काय सांगायचे? शिवाय ट्रंक उघडायची माझीच हिंमत होत नव्हती, हेही आहेच.

मग आले 2020. आधी कोरोना, आणि 3 जूनला निसर्ग वादळ. आमची कौले उडाली, वीज गेली ती कित्येक दिवस आलीच नाही. यंत्र बंद. वीज आल्यावर मी खाली गेले आणि मनाचा हिय्या करून ट्रंक उघडली. खालचा पत्रा गंजून चाळण झाला होता. वह्यांवर हिरवी-काळी बुरशी, पाने एकमेकांना घट्ट चिकटलेली. मी तिथेच खाली बसले.

ओला कागद उन्हात टाकायचा नाही, तो आकसतो आणि कडा वळतात. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, मधे मधे कोरे टिपकागद घालून, ते बदलत बदलत वाळवायचा. घाईने पाने सोडवायला जायचे नाही. नाकातोंडाला फडके बांधून वाळलेली बुरशी मऊ ब्रशने बाहेर झटकायची. लॉकडाऊनमध्ये लोक केक करत होते, मी माळ्यावर हे करत होते. चौदातल्या नऊ वह्या पूर्ण वाचल्या, तीन अर्ध्यामुर्ध्या. दोन गेल्या.

वाचलेल्या वह्या माळ्यावरच ठेवल्या.

पुढच्या वर्षी 22 जुलै 2021. महाडच्या माणसाला ही तारीख सांगावी लागत नाही. वर महाबळेश्वरला चोवीस तासांत सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला आणि तो सगळा सावित्रीतून आमच्या अंगावर आला. त्याच दिवशी तळियेत दरड कोसळून सगळी वाडी गेली. ते आठवले की आपल्या घराचे रडगाणे गायची लाज वाटते. आमच्या ओटीवर कमरेएवढे पाणी होते, म्हणजे खालची खोली तर बुडून वर दोन हात. आम्ही माळ्यावर, शेजाऱ्यांसकट. वह्या माझ्या उशाशी.

म्हणजे बघा, खोली जर मुलाच्या मनासारखी कोरडी राहिली असती तर ट्रंक तिथेच असती, आणि चौदाच्या चौदा वह्या सावित्री घेऊन गेली असती. ह्याचा हिशेब कसा मांडायचा ते मला अजून कळलेले नाही.

गाळ काढायला पोलादपूरकडचे एक म्हातारे गवंडी आले. आम्ही मामा म्हणतो. त्यांनी प्लाय उचकटला तर मागून काळे पाणी आले, थर्माकोल स्पंजासारखा जड. प्लायच्या मागे वाळवीची घरे, ती पुराआधीचीच. मामा म्हणाले, "बाई, भिंत पाणी पिते ते तिला कुठंतरी सोडायला नको? तुम्ही तोंडच बांधलंत. मग ती वर माजघरात जाऊन सोडते."

एवढ्या एका वाक्यात सगळे होते. जमिनीतली ओल दगडमातीच्या भिंतीतून वातीतल्या तेलासारखी वर चढते. पूर्वी ती चुन्यातून आत खोलीत उडून जाई. सिमेंटने ती वाट बंद झाली, म्हणून पाणी आणखी उंच चढले. आणि आमच्या भिंतीत तर पणजोबांच्या वेळचे मीठ मुरलेले! मीठ हवेतलेही पाणी ओढते. लोणा लागतो तो ह्याचाच.

मग न्यू जर्सीला ते का चालते? हे मी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारले. (मी मराठीची. बी. ए. ला विज्ञान कुठले!) ते म्हणाले, तिथे हिवाळ्यात बाहेर बर्फ आणि आत हीटर, म्हणून उष्णता आत धरून ठेवायची असते. फोम त्यासाठी. आपल्याकडे धरून ठेवायला थंडीच नाही. आपले दुखणे पाण्याचे. त्यांनी एक परीक्षाही सांगितली. भिंतीवर हातभर प्लास्टिकचा कागद चारी कडांनी चिकटपट्टीने चिकटवायचा आणि दोन दिवसांनी बघायचे. थेंब कागदाच्या मागे, भिंतीकडे असतील तर ओल जमिनीतली. वर, खोलीच्या बाजूला असतील तर ती हवेतली दमट वाफ गार भिंतीवर जमलेली, मृगात फरशीला घाम फुटतो तशी. आमच्याकडे दोन्ही बाजूंना निघाले!

2022 च्या मे महिन्यात मामांनी सिमेंट ठोकून काढले आणि चुन्याचा गिलावा केला. चुना आधी बरेच दिवस विरवत ठेवला, त्यात वाळू, गूळ आणि हिरड्याचे पाणी. गडकोटांच्या दुरुस्तीलाही चुनाच वापरतात म्हणे. झरोके उघडले. पण जास्त उपयोग झाला तो बाहेरच्या कामाचा. वरच्या अंगाला भिंतीपासून थोडी लांब एक खोल चर खणली, तिला नदीकडे उतार दिला आणि खडीने भरली. पागोळ्यांचे पाणी पूर्वी थेट जोत्याशी पडे, त्याला पन्हळ लावली. हे काम सर्वांत आधी करायचे होते, पण जमिनीखालची चर कोणाला दाखवता येत नाही आणि पांढरी भिंत दाखवता येते.

आता खोली कोरडी झाली का? नाही. गणपतीपर्यंत गुडघाभर ओल चढतेच, दिवाळीनंतर उतरते. दर वर्षी थोडा गिलावा झडतो, पुन्हा सफेदी द्यायची. पण वास नाही आणि माजघराची भिंत कोरडी आहे. पावसाच्या सुरुवातीला मी झरोके झाकते आणि उघडीप पडली की उघडते. खाली नारळ, पितळेची भांडी आणि पाटा-वरवंटा, एवढेच असते. कागदाचे चिटोरेही नाही. टेबल माळ्यावर आणले आहे, ह्या ओळी त्यावरच लिहिते आहे.

मुलाला सगळे सांगितले ते पुरानंतरच, आणि तेही अर्धे. पुरामुळे खोली गेली, एवढेच. वह्यांचे आज कळते आहे त्याला. अरे, रागावू नकोस, आणि रात्री उगाच फोन करू नकोस, तुझ्याकडे सकाळ असते तेव्हा मी झोपायच्या तयारीत असते. अर्ध्यामुर्ध्या तीन वह्यांतली एक उंबर्डेची की उमरठची ते अक्षरावरून लागत नाही. पुढच्या वेळी आलास की बाबांचे अक्षर तू वाचून बघ. तुला लागेल कदाचित.

आणि जाऊबाई, शीट लावायच्या आधी तो प्लास्टिकचा कागद चिकटवून बघा. थेंब कुठल्या बाजूला येतात ते मला कळवा.