सौताड्याच्या धारेखाली

बीड जिल्ह्यात पाण्याचे ते काय कौतुक, असे म्हणणाऱ्याने श्रावणात पाटोदा तालुक्यातल्या सौताड्यास जावे. विंचरणा नदी येथे कड्यावरून खोल दरीत उडी घेते. तळाशी रामेश्वराचे देऊळ. उतरताना शेवाळावरून माझा पाय सटकला. चिरंजीवांनी दंड धरला म्हणून हा लेख!

खाली मुले पाण्यात शिरली. तोच एक गुराखी ओरडला, "पाणी गढूळ झालंय, बाहेर निघा!" माथ्यावर ऊन होते, मी हसलो. मंडळींनी मात्र मुलांना ओढून काठावर आणले. पाऊस दूर, वरच्या माळावर पडला होता. घटकाभरात आमचा बसायचा खडक दिसेनासा झाला. दशम्या देवळाच्या ओट्यावर सोडल्या. पहिली गुराख्याला दिली.