शिवपुरीच्या जंगलाची मोजणी

ग्वाल्हेरला माहेरी गेले की शिवपुरीची एक फेरी ठरलेलीच. अंतर साधारण ११५ किलोमीटर. शिंदे सरकारांची ही उन्हाळ्याची राजधानी आणि शिकारीचं रान. आज तिथे सुमारे ३५५ चौरस किलोमीटरचं माधव राष्ट्रीय उद्यान आहे.

यंदा निघण्याआधी लेकाला माळ्यावर लोखंडी कड्यांची साखळी सापडली. माझे आजोबा संस्थानात अमीन होते, म्हणजे मोजणीदार. ही त्यांची जरीब.

"नाना, याने जंगल मोजायचे?" त्याने माझ्या वडिलांना विचारलं.

"शेत मोजायचे रे. डोंगरदऱ्यांत साखळी कुठे ओढणार? तिथे एक बाजू नीट मोजायची, मग टेकड्यांवर उभं राहून कोन घ्यायचे आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत जायचं."

लॅम्ब्टनने १८०२ साली मद्रासहून असेच त्रिकोण जोडत आणले. १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला तो वारला. त्याची कबर तिथेच आहे. पुढे एव्हरेस्टने सिरोंजला नवी आधाररेषा मोजून हे काम ग्वाल्हेरच्या मुलखातून मसुरीपर्यंत नेलं.

उद्यानातला सर्वांत उंच भाग ४८४ मीटरचा. तिथे जॉर्ज कॅसल आहे. पंचम जॉर्जच्या मुक्कामासाठी १९११ मध्ये बांधला म्हणतात. खाली १९१८ चा साख्यसागर, काठावर ऊन खात पडलेल्या मगरी. २०२३ पासून इथे पुन्हा वाघ आणले आहेत.

"वाघाला हद्द कशी कळते?" लेकाचा पुढचा प्रश्न.

नाना हसले नाहीत. "वाघाला नाही कळत, माणसाला कळते." मग त्यांनी कुनोचं सांगितलं. तेही जुन्या ग्वाल्हेर संस्थानातलंच रान. गीरचे सिंह येणार म्हणून तिथली २४ गावं हलवली, बहुतेक सहरिया आदिवासींची. सिंह आलेच नाहीत. २०२२ मध्ये चित्ते आले. "नकाशावर रेघ ओढायला क्षण पुरतो. उठून जाणाऱ्याचं मात्र विहीर, मोहाची झाडं, देव, सगळं मागे राहतं."

परतीच्या वाटेवर लेक गप्प होता. घरी येताच त्याने अंगणात जरीब सरळ अंथरली. मध्येच आजीचं तुळशीवृंदावन आलं.

"नाना, आता काय करू?"

"आधी आजीला विचार," नाना म्हणाले.