आधी रिकामं, मग भरणं

ल्युपस, स्क्लेरोडर्मा, मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस). तिन्हींत रोगप्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते. स्टेम सेल, म्हणजे मूळपेशी, दिल्या की ती सुधारते, असा समज आहे. पण आजारावर घाव घालतं ते केमो. पेशी त्यानंतरच्या.

*

या प्रत्यारोपणाचा क्रम असा. इंजेक्शनं देऊन अस्थिमज्जेतल्या मूळपेशी रक्तात उतरवायच्या, यंत्राने वेगळ्या काढून गोठवायच्या. मग सायक्लोफॉस्फमाइड हे केमोचं औषध आणि एटीजी ही प्रतिपिंडं देऊन बिथरलेल्या लिम्फोसाइट (पांढऱ्या) पेशी संपवायच्या. शेवटी रुग्णाच्याच मूळपेशी शिरेतून परत. मधले दिवस जपणुकीचे: पांढऱ्या पेशी जवळपास शून्यावर, साधा तापही जिवावरचा. लहानपणीच्या लशींचं संरक्षण ओसरतं, त्या पुन्हा घ्याव्या लागतात. आणि तरुण मुलगी असेल तर बीजांडं गोठवण्याविषयीचं बोलणं केमोच्या आधीच व्हायला हवं. गडबडीत हेच राहून जातं.

*

स्क्लेरोडर्मावरचा युरोपातला अभ्यास, २०१४. प्रत्यारोपणाच्या गटात ७९ जण. त्यांतले ८ जण पहिल्याच वर्षी उपचारामुळे दगावले. पुढच्या वर्षांत मात्र जगण्याचं प्रमाण औषधांच्या गटापेक्षा याच गटात अधिक. रुग्णाला यातली एकच बाजू सांगणं हा मी अपराध मानतो.

*

एमएस, २०१९. ११० रुग्ण. आजार बळावला तो प्रत्यारोपणाच्या गटात ३ जणांचा, औषधांच्या गटात ३४ जणांचा. मृत्यू एकही नाही. हे सगळे अधूनमधून झटके येणाऱ्या प्रकारचे रुग्ण होते. वर्षानुवर्षं हळूहळू वाढत गेलेल्या एमएसला हे आकडे लावू नयेत.

*

चरबीतून किंवा नाळेतून काढलेल्या मेझेन्कायमल पेशी याही स्टेम सेल म्हणूनच दिल्या जातात, पण त्यांची गोष्ट निराळी. क्रोन्स या आतड्याच्या आजारातल्या भगंदरासाठी अशा पेशींच्या 'अ‍ॅलोफिसेल'ला युरोपने २०१८ मध्ये मान्यता दिली. पुढच्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. २०२४ मध्ये ते बाजारातून गेलं.

*

जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये गेओर्ग शेट यांच्या चमूने कार-टी पेशींनी, म्हणजे प्रयोगशाळेत बदललेल्या रुग्णाच्याच टी पेशींनी, फक्त बी पेशी (लिम्फोसाइटचा एक प्रकार) काढून टाकल्या. २०२४ च्या अहवालात ल्युपसचे आठही रुग्ण आजाराच्या लक्षणांतून बाहेर आलेले. कार-टी या मूळपेशी नव्हेत, पण रिकामं करण्याचं तत्त्व तेच. मला सर्वांत जास्त आशा इथे वाटते.

*

आपल्याकडे मेझेन्कायमल पेशी मंजूर चाचणीतच द्याव्यात, असं आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. कुणी त्यांचं सलाइन देऊ केलं, तर आधी चाचणीचा सीटीआरआय (चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतला) क्रमांक मागा. चाचणीत प्रायोगिक उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. लाखांचा आकडा ऐकलात, तर फाइल उचला आणि घरी या.